हौसाक्काची डावरी बंदूक

ज्याला डाव्या हाताने जेवावंसं वाटतं आणि घरची माणसं त्यावरून डोळे वटारतात, त्याने जरा पुढे येऊन बसावं. ही गोष्ट त्याच्यासाठी आहे. बाकीच्यांनी ऐकली तरी चालेल, पण मधेच 'असं कुठं असतं का' म्हणून विचारायचं नाही. तांबखोलात तसं विचारायची पद्धत नाही.

फार वर्षांपूर्वी, घाटात मोटारीचा रस्ता व्हायच्याही कितीतरी आधी, कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून वर चढायचं तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावर तांबखोल नावाचं गाव होतं. गाव अजून आहे आणि मी तिथलाच आहे. शेजारी करपेवाडी होती, तीही दुर्दैवाने अजून आहे. तेव्हा करपेवाडीबद्दल माझ्या तोंडून न्यायाची अपेक्षा ठेवू नका.

या दोन गावांच्या मधे एक मोठं पठार आहे. त्याला देवीचा माळ म्हणतात. त्या माळावर एक झरा आहे, तो भर वैशाखातही आटत नाही. आजूबाजूचे डोंगर वाळून कोरडेठाक पडले तरी माळावर गवत हिरवंच असतं. तिथे चरलेली म्हैस दूध देते ते चुलीवर ठेवण्याआधीच दाट असतं, असं म्हणतात.

आता माळ एक आणि गावं दोन. भांडणं व्हायचीच. म्हणून कुण्या शहाण्या पूर्वजाने एक रीत घालून दिली होती. माळाच्या टोकाला खोल दरी आहे. दरीपलीकडच्या कड्यावर नांद्रुकाचं झाड आणि त्या झाडाला टांगलेली देवीची पंचधातूची घंटा. दसऱ्याला शस्त्रांची पूजा झाली की दोन्ही गावांनी वाजतगाजत दरीपाशी यायचं. प्रत्येक गावाच्या बंदूकवाल्याने एकच बार काढायचा. ज्याच्या गोळीने घंटा वाजेल त्याच्या गावाची गुरं वर्षभर माळावर चरतील. दोघांनीही वाजवली, तर ज्याच्या गोळीने घंटेचा नाद जास्त वेळ घुमेल त्याचं गाव जिंकलं.

आणि बरीच वर्षं करपेवाडीच जिंकत आली होती.

त्यांच्याकडे दौलू नावाचा बंदूकवाला होता. नेम चांगला होता, हे मी जड मनाने कबूल करतो. पण नेमापेक्षा त्याच्या मिशा मोठ्या होत्या. रोज लोणी लावून तो त्या पिळायचा. ज्या लोण्याने पिळायचा ते आमच्याच माळावरच्या गवताचं होतं, म्हणून तांबखोलच्या बायकांना त्या मिशा बघवत नसत.

तांबखोलची गुरं मात्र उन्हाळाभर घाट उतरून चाऱ्याला जायची आणि चढून येईपर्यंत अर्धमेली व्हायची. गाईंच्या बरगड्या दिसायला लागल्या. पोरांच्या वाटीला दूध येईना. शेवटी एका वर्षी गावातल्या जाणत्या माणसांनी पारावर बसून ठरवलं, की यंदाच्या दसऱ्याला माळ मिळाला तर ठीक, नाहीतर उरलेली गुरं विकून टाकायची. गुरं गेली की शेणखत नाही, खत नाही तर नाचणी नाही. मग गाव उठवून घाटाखाली जायचं. त्या दिवशी बऱ्याच घरांत चूल पेटली नाही.

बरं, तांबखोलात नेमबाज नव्हता असं नाही. सटवाजी होता. त्याने दगड भिरकावला की झाडावरचं तुम्ही सांगाल ते जांभूळ खाली पडायचं आणि शेजारचं हलायचंही नाही, असं म्हणतात. पण सटवाजी होता डावरा. लहानपणी आईने त्याचा डावा हात पदराला बांधून ठेवला, मामाने त्या हातावर छड्या मारल्या, तरी हात काही बदलला नाही. आणि बंदूक तर उजव्या माणसाची.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, ते आजच्या पोरांना सांगायलाच हवं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी, मग गजाने ठासायचं. नळीच्या बुडाशी उजव्या अंगाला एक बारीक भोक असतं आणि भोकाशी एक छोटी वाटी. त्या वाटीत चिमूटभर बारीक दारू, तिला रंजक म्हणतात. चाप ओढला की घोडा पडतो, घोड्याच्या तोंडातली गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी पडते, रंजक भडकते आणि मग बार उडतो. हा सगळा जाळ उजव्या बाजूला निघतो. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचं तोंड डावीकडे असतं, त्याला काही होत नाही. पण सटवाजीने डाव्या खांद्याला बंदूक लावली की त्याचं तोंड नेमकं त्या वाटीवर यायचं.

पहिल्याच दसऱ्याला त्याची उजवी भुवई जळाली. पुढच्या वर्षी त्याने घाबरून चाप ओढतानाच डोळे मिटले आणि गोळी कुठे गेली ते देवीलाच ठाऊक. एकदा गावाच्या आग्रहाने त्याने उजव्या खांद्यावरून मारून बघितली. गोळी करपेवाडीच्या ढोलात घुसली. तेव्हापासून करपेवाडीची पोरं त्याला 'एकभुवया' म्हणायची आणि तो दिसला की ढोल पाठीमागे लपवायची. सटवाजी हसण्यावारी न्यायचा, पण घरी गेला की जेवायचा नाही.

तांबखोलात सुभाना नावाचा लोहार होता. त्याची बायको हौसा. गाव तिला हौसाक्का म्हणायचं. सुभाना ऐरणीमागे बैठकीवर बसायचा, डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात हातोडी. हौसाक्का त्याच्या समोर उभी राहून घण घालायची. घिसाड्यांच्या आणि लोहारांच्या बायका घालतातच. तिचा घण पडला की पलीकडच्या डोंगरावरचे मोर ओरडायचे, असं म्हणतात. तिला बोलायला फार आवडायचं. दोन घणांच्या मधे जेवढी सवड मिळे तेवढ्यात ती गावभरच्या गप्पा सांगून टाकायची.

पारावरच्या ठरावानंतर सटवाजी सुभानाकडे आला. म्हणाला, "सुभानादा, मला उलटी बंदूक करून दे. घोडा डावीकडं, वाटी डावीकडं. न्हाईतर मी दरीत उडी टाकतो."

हौसाक्का म्हणाली, "उडी नगं टाकू. तीबी दुसरीकडंच पडंल तुझी."

सटवाजी इतक्या दिवसांनी हसला. सुभानाने काम हातात घेतलं.

लोखंड गावाने दिलं. कुणी मोडका फाळ आणला, कुणी विळा, कुणी मिठाच्या बैलांच्या खुरांच्या झिजलेल्या पत्र्या आणल्या. बैलाच्या पायाखाली सारा घाट पचवलेलं ते लोखंड. सुभानाने लाल पट्टी सळईभोवती गुंडाळत, ठोकत, पुन्हा तापवत नळी केली. नळीला काय, डावं-उजवं नसतं. नळी सुरेख झाली.

घोड्याची कळ, म्हणजे घोडा, चाप आणि वाटी यांची जोडणी, करायला बसल्यावर मात्र पंचाईत झाली. सुभानाने आयुष्यभर उजव्या बंदुकांच्या कळा केल्या होत्या. डोकं म्हणायचं डावं कर, हात करायचे उजवं. त्याने तुकडा उलटा धरला, मग हातोडी उलटी धरली, मग आपण उलटं केलं की नाही अशी शंका येऊन सगळंच पुन्हा एकदा उलटं केलं. अख्खा श्रावण त्यात गेला. एक दिवस मोठ्या अभिमानाने त्याने कळ नळीला बसवली आणि सटवाजीला बोलावलं. सटवाजीने बंदूक डाव्या खांद्याला लावली. वाटी त्याच्या नाकासमोर.

उलट्याचं उलट होऊन सरळ बंदूक झाली होती! सुभानाने कपाळाला हात लावला. त्याने मग आपला उजवा हात कमरेला करकचून बांधला आणि नुसत्या डाव्या हाताने कळ घडवायला बसला. त्या वेळी जे झालं त्याला घोडा म्हणता येईना. बेडूक म्हणता आलं असतं.

भादवा उलटत आला. सटवाजीच्या म्हातारीने घरातली भांडी पोत्यात भरायला घेतली. सुभाना भट्टीपाशी डोकं धरून बसला आणि म्हणाला, "माज्यानं न्हाई हुयाचं. गावाला सांगून टाकतो."

हौसाक्का घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून त्याच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "आवं, पर मला तर हे रोज डावंच दिसतंय की."

"काय डावं दिसतंय?"

"तुमचं समदं काम. तुमचा उजवा हात माज्या डाव्या हातासमोर येतो. तुमी हातोडी मारता तवा मी मनात माज्या डाव्या हातानंच मारत आले. लगीन झाल्यापास्नं. तुमी घोडा वळवता त्यो मला उलटाच वळताना दिसतो. मला सरळ करायला सांगाल तर यायचं न्हाई. उलटा येतो."

सुभाना तिच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं समोर उभी असलेली बायको त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली, असं म्हणतात. आमच्या गावातल्या बायका हे वाक्य सांगताना नवऱ्याकडे मुद्दाम बघतात.

पण लोहारांची एक रीत होती. बाईने घण घालावा, भाता ओढावा, मात्र लोहाराच्या बैठकीवर बसून हातोडी चालवू नये. चालवली तर भट्टी रुसते आणि पुन्हा पेटत नाही. ही बातमी पारावर गेली आणि जाणती माणसं काठ्या टेकत आली. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा तानबा म्हणाला, "हौसा, भट्टी रुसली तर गावात विळ्याला धारसुद्धा लावून घ्यायला जागा राहायची न्हाई. गाव वाचवायला जाशील आन् हाय ते घालवशील."

"तानबातात्या," हौसाक्का म्हणाली, "मी कुठं बसतीय त्येंच्या बैठकीवर? मी माज्या जागंवरच हाय. ऐरणीची ही बाजू माजी. हितनंच करते. त्येंनी त्येंच्या जागंवर राहून जरा घण उचलावा. बाप्यानं घण उचलू नये अशी काय रीत हाय का?"

तानबाने बरंच आठवून बघितलं. तशी रीत नव्हती.

मग हौसाक्काने आपल्याच बाजूला एक दगड ओढून घेतला, त्यावर बसली, उजव्या हातात सांडशी घेतली आणि डाव्या हातात हातोडी. सुभाना बैठकीवरून उठून उभा राहिला आणि त्याने घण घेतला. हौसाक्का हातोडीने जिथे टिचकी मारून दाखवील तिथे त्याने घाव घालायचा. सारं गाव अंगणात जमलं होतं. भट्टी रुसली नाही. उलट त्या दिवशी भाता ओढायलाच लागला नाही, जाळ आपला आपण वर उठत होता, असं म्हणतात. ठिणग्या उडायच्या त्याही सगळ्या डाव्या अंगाला उडायच्या.

सुभानाला मात्र घणाची सवय नव्हती. थोड्या वेळातच तो धापा टाकायला लागला. "अगं, जरा थांब की," तो म्हणाला.

"मी कवा थांबा म्हणले होते का?" हौसाक्का म्हणाली आणि अंगणातल्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

घोडा झाला. घोड्याला ढकलणारी कमान झाली. वाटी नळीच्या डाव्या अंगाला बसली. शिसवीच्या लाकडाचा दस्ता तिने सटवाजीच्या गालाला लावून लावून तासला, त्याचा उजवा नव्हे, डावा गाल टेकेल असा. अंगावर बेतून शिवलेल्या बंडीसारखी ती बंदूक सटवाजीला बसली. त्याने ती खांद्याला लावली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. सबंध आयुष्यात त्याच्या हातासाठी म्हणून कुणी काही केलं नव्हतं.

बार काढून बघायला वेळ उरला नाही. दुसऱ्या दिवशी दसरा होता.

दोन्ही गावं दरीपाशी जमली. करपेवाडीने आधी मारायचं, कारण माळ त्यांच्याकडे होता. दौलूने मिशीला पीळ दिला, बंदूक उचलली आणि बार काढला. घंटा वाजली. नाद दरीत घुमला, चांगला घुमला, आणि विरला. करपेवाडीने ढोल बडवले. काहींनी तर गुरं माळावर हाकायलाही सुरुवात केली.

सटवाजी पुढे आला. दौलू त्याच्या डाव्या बाजूला अगदी बंदुकीला खेटून उभा राहिला, त्याचं चित्त उडवायला. बंदुकीच्या उजव्या अंगाला जाळ निघतो, डावी बाजू धोक्याची नाही, हे जन्मापासून ठाऊक असलेला माणूस तो. त्याने घोडा कुठल्या बाजूला आहे ते बघितलंच नाही. "भुवई झाकून घे रं," तो म्हणाला.

सटवाजीने बंदूक उचलली. बंदूक नवी होती, पण भीती जुनीच होती. चापावर बोट ठेवलं की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. त्याने दोनदा बंदूक खांद्याला लावली आणि दोनदा खाली घेतली. तानबाने मान खाली घातली.

तेव्हा हौसाक्का गर्दीतून पुढे आली. ती सटवाजीच्या उजव्या अंगाला गेली आणि ऐरणीपाशी उभी राहायची तशी त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. तिने आपला गाल बंदुकीच्या नळीच्या बुडाशी आणून ठेवला. जिथे सटवाजीची भुवई जळाली होती, नेमक्या तिथे.

"सटवा," ती म्हणाली, "जाळ ह्या बाजूला आला तर आधी माजं तोंड जळंल. मी डोळे उघडे ठेवलेत. तूबी ठेव."

सुभाना मागून ओरडला. ती हलली नाही. सटवाजीने तिच्याकडे बघितलं, मग घंटेकडे बघितलं, आणि चाप ओढला.

रंजक भडकली, ती डाव्या अंगाला. सटवाजीचे डोळे उघडे होते. हौसाक्काचेही उघडे होते. डाव्या बाजूला मिशा जळल्याचा वास आला, आणि त्या कुणाच्या ते मी सांगायला नको.

घंटा वाजली. अशी वाजली, की दरीने तो नाद उचलला, पलीकडच्या डोंगराने झेलला आणि परत पाठवला. आपट्याची पानं थरथरली. झऱ्याच्या पाण्यावर वलयं उठली. घाटाखाली मिठाचे बैल चालता चालता थांबले आणि त्यांनी माना वर केल्या. दिवेलागण झाली तरी घंटा वाजतच होती, असं म्हणतात. तांबखोलच्या गोठ्यातल्या गाईंनी तो आवाज ऐकला, दावी तोडली आणि कुणी न हाकता त्या माळावर चालत आल्या. करपेवाडीची गुरं बाजूला झाली. गुरांना माणसांपेक्षा जास्त कळतं, निदान करपेवाडीच्या बाबतीत तरी.

हौसाक्काचा गाल जळाला नाही. पण तिचा उजवा कान बंदुकीशी होता, त्यात त्या दिवसापासून कायमची घंटा वाजत राहिली. ती म्हणायची, "बरं हाय, ह्या कानानं आमचं मालक काय बोलत्यात ते ऐकू येत न्हाई." आणि सुभाना मुद्दाम त्याच कानाशी जाऊन तिचं कौतुक करायचा.

मग सोनं लुटायची वेळ आली. सटवाजीने आपट्याचं पान घेतलं आणि तो हौसाक्कासमोर गेला. देवाधर्माचं काहीही डाव्या हाताने द्यायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही होतं, छड्या खाऊन ठाऊक होतं. त्याने उजवा हात पुढे केला, मग तो मागे घेतला, आणि पान डाव्या हातात घेऊन तिच्यापुढे धरलं. हौसाक्काने आपला काजळी लागलेला डावा हात पुढे केला, सोनं घेतलं आणि कपाळाला लावलं. त्यानंतर पहिला तानबा आला. त्यानेही डाव्या हाताने दिलं.

पुढे हौसाक्काचं नाव घाटाच्या वर-खाली पसरलं. दर वाडीत कुठे ना कुठे एखादा डावरा लपलेला होताच. ते सगळे बाहेर यायला लागले. डाव्या हाताने कापणी करणाऱ्या बायका यायच्या आणि डावा विळा घडवून न्यायच्या. एक न्हावी आला, एक शिंपी आला. करपेवाडीचेही आले, तोंड लपवून. हौसाक्काने त्यांनाही करून दिलं. मी असतो तर दिलं नसतं, पण मी हौसाक्का नाही.

ती कधी गेली ते कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणतं, फार म्हातारी होऊन सुभानाच्या मागे गेली. कुणी म्हणतं, गेलीच नाही. कोकणातल्या कुठल्या तरी पोरीला डाव्या हाताचा विळा हवा होता म्हणून हातोडी घेऊन घाट उतरली आणि तिथून पुढच्या गावाने बोलावलं, मग त्याच्या पुढच्या. अजून चालतेच आहे, असं म्हणतात.

बंदूक आता नाही. माळावर दोन्ही गावांची गुरं चरतात, भांडणं आता दुसऱ्या गोष्टींवरून होतात. पण दसऱ्याला तांबखोलात या. परक्या माणसाला पहिल्यांदा धक्का बसतो. पाटील असो, पुजारी असो, नवी सून असो, सगळे एकमेकांना सोनं डाव्या हातानेच देतात.

आणि एरवीही कधी आलात, तर जेवायच्या वेळी एखाद्या घरात डोकावून बघा. रांगतं पोर ताटाकडे डावा हात नेतं. आजी तो हात धरते. तुम्हाला वाटतं, आता मारणार. ती त्या हातावर भाताचं एक शीत ठेवते आणि म्हणते, "खा. हौसाक्काचा हाय."